नाडी का वाढली नाही?

कंपवात म्हटलं की आपल्याला थरथरणारा हातच आठवतो. उंद्रीला माझ्या आजोबांना हा आजार झाला तेव्हा येणारा-जाणारा त्यांच्या हाताकडेच बघायचा. त्यांची तक्रार मात्र वेगळी होती. "हाताचं काय नाही बापा, उभं रायलं की डोयापुढं अंधारी येते." घरात सगळ्यांना तो अशक्तपणा वाटला. मग एका सकाळी ते न्हाणीपाशी पडले.

डॉक्टरांनी त्यांचा बीपी आधी झोपवून आणि मग उभं करून मोजला. झोपलेले असताना वरचा आकडा १४०, तीन मिनिटं उभं राहिल्यावर १०५! नाडी मात्र ७२ वरून जेमतेम ७६.

मित्रांनो, कंट्रोल सिस्टीम शिकलेल्यांना यातली गोम लगेच कळेल. आपण उभे राहतो तेव्हा अर्धा लिटरहून जास्त रक्त पाय आणि पोटाकडे उतरतं. मानेतल्या रक्तवाहिनीतले सेन्सर दाब घटल्याची खबर मेंदूला देतात. लगेच हुकूम सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय वेग वाढवतं. हा सगळा आपोआप चालणारा कारभार, म्हणजेच स्वायत्त मज्जासंस्था. पार्किन्सन्समध्ये मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी मरतात, तशी हृदयाला वेग देणाऱ्या मज्जातंतूंची टोकंही झडू शकतात. खबर पोचते, पण हुकमाची वायरच तुटलेली! बद्धकोष्ठ, लघवीचा त्रास, घामाची गडबड हेही याच घराण्यातले. बद्धकोष्ठ तर कधीकधी थरथरीच्या कित्येक वर्षं आधी येतं.

त्यात लेव्होडोपाची गोळी दाब उतरवू शकते, भरपेट जेवण उतरवतं आणि आपल्या विदर्भातलं ऊनही. म्हणून गोळी मनानं बंद करायची नसते, डॉक्टरांना सांगायचं असतं.

आमच्याकडे खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा आल्या. उठण्याआधी दोन मिनिटं काठावर बसणं, पाय हलवणं, पाणी पिणं सुरू झालं. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला 'शुभार्थी' आणि त्याला सांभाळणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. आमची शुभंकर म्हणजे आजी. तिला मज्जासंस्था ठाऊक नाही, पण "बसा जरा" हे ती चुकवत नाही.

१८१७ साली जेम्स पार्किन्सननं या आजारावर निबंध लिहिला तो 'थरथरणारा लकवा' या नावानं. तेव्हापासून जगाचं लक्ष थरथरीवरच. सुट्टीत घरी गेलात आणि असं कुणी उठताना थबकताना दिसलं, तर त्याला आळशी म्हणू नका. बीपी दोनदा मोजायला सांगा : एकदा आडवं, एकदा उभं. आणि नाडीसुद्धा!