बसलेलं इंजिन

"ती गाडी तेवढी हलव रे तिथून. मागे सगळी घुशींनी बिळं केलीत," असं आई दोन वर्षं म्हणत होती, आणि मी दर वेळी "पुढच्या खेपेला बघतो" म्हणून पुण्याची गाडी पकडत होतो.

ती गाडी म्हणजे अण्णांची येझदी. १९८१ साली घेतलेली, अडीचशे सीसी, दोन सायलेन्सरवाली. अण्णा जाऊन दोन वर्षं झाली. घराचा उतारा, बँक, पेन्शन, सगळी कागदपत्रं मार्गी लागली. कऱ्हाडच्या घराच्या मागच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी असलेली ही एक गाडी तेवढी राहिली होती. वेळ मिळत नाही हे मी आईला सांगायचं कारण. खरं कारण वेगळं होतं. ती गाडी मी बंद पाडली होती.

ज्यांनी टू-स्ट्रोक गाड्या चालवल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. या इंजिनात पिस्टनच्या खालच्या भागात वेगळं ऑइल भरलेलं नसतं. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, तेच पिस्टनला आणि बेअरिंगला वंगण पुरवतं आणि शेवटी धूर होऊन बाहेर पडतं. म्हणूनच या गाड्यांचा तो निळसर धूर आणि तो वास. ऑइल घालायला विसरलात तर गाडी लगेच बंद पडत नाही. छान चालते. मग पिस्टन तापून फुगतो, सिलिंडरला घासतो आणि एका क्षणी चिकटून बसतो. याला आपल्याकडे 'इंजिन बसलं' म्हणतात.

१९९८ च्या मे महिन्यात मी एकोणीस वर्षांचा होतो. तोवर मित्राची फोर-स्ट्रोक गाडीच काय ती चालवलेली. अण्णा लग्नाला गेले होते, किल्ली खुंटीवर होती. उंब्रजला मित्राकडे जायला निघालो. वाटेत गाडी रिझर्व्हला आली, म्हणून पंपावर दोन लिटर पेट्रोल भरलं. पंपावरच्या पोऱ्याने विचारलंही, "ऑइल किती टाकू?" मला वाटलं, उगाच काहीतरी गळ्यात मारतोय. मी ऐटीत म्हणालो, "नको."

परतीच्या वाटेवर, भर हायवेला, इंजिनाचा आवाज आधी कोरडा झाला आणि मग मागचं चाक एकदम जाम. नशीब, हात क्लचवर पडला. कडेला येऊन उभा राहिलो, किकवर अख्खा चढलो, किक हलेना. टेम्पोत घालून गाडी घरी आणली.

अण्णा संध्याकाळी आले. गाडीभोवती एक चक्कर मारली, किकवर पाय ठेवून पाहिला. मग मला विचारलं, "लागलंय का कुठे?"

"नाही."

"हं."

बस्स. एवढंच. ओरडले असते, एक ठेवून दिली असती तर बरं झालं असतं असं पुढे कित्येक वर्षं वाटत राहिलं. दोन दिवसांनी मी होस्टेलवर गेलो. पुढच्या सुट्टीत आलो तेव्हा गाडी पडवीत ताडपत्रीखाली होती. ज्या म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने ती बनवली, ती १९९६ सालीच बंद पडली होती. सुटे भाग मिळणं अवघड. अण्णांनी पुढे एक साधी शंभर सीसी गाडी घेतली आणि त्या एकाक्षरी 'हं'चा अर्थ मी माझ्यापुरता लावून टाकला.

असो. तर गेल्या दिवाळीत मी एकदाची ती ताडपत्री ओढली. सीटच्या फोममध्ये उंदरांचा संसार, वायरी कुरतडलेल्या, दोन्ही टायर जमिनीला बसून चिरलेले, क्रोमवर गंजाचे फोड. भंगारवाला आला की द्यायचीच, या तयारीने बघत होतो. पण येझदीची एक गंमत आहे. तिचा गिअरचा दांडा आत दाबून वर फिरवला की त्याचीच किक होते. हाताला सवय होती की काय कोण जाणे, मी तो दांडा फिरवला. पाय ठेवणार, तेवढ्यात थांबलो. शेजारच्या पोराला विचारून गावातल्या एका जुन्या मिस्त्रींचा पत्ता काढला. सत्तरीचे आहेत, आता दुकान मुलगा बघतो.

ते आले, बसले, चहा घेतला आणि पहिलं वाक्य म्हणाले, "किक मारली न्हाई न्हवं? मारू नका."

इतकी वर्षं उभ्या असलेल्या इंजिनाला एकदम किक मारली तर आत जो काही गंज असेल तो सिलिंडर ओरबाडतो. त्यांनी प्लग काढला, त्या भोकातून दोन चमचे ऑइल सोडलं आणि "उद्या येतो" म्हणून गेले. दुसऱ्या दिवशी किकचा दांडा हाताने, अगदी हळू खाली दाबला.

फिरला की!

मी म्हणालो, "अहो, पण हे इंजिन बसलेलं आहे."

"कोण म्हटलं?"

"मीच बसवलंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग काही न बोलता पाना घेतला. हेड उतरवलं. पिस्टनच्या डोक्यावर काजळी नावालाच होती. त्यांनी बोटाने पुसली, खाली कोरलेले आकडे दिसले. ०.५०. "ह्यो मूळचा पिस्टन न्हाई. पन्नासचा हाय. बोअर झालंया ह्येचं." म्हणजे घासलेला सिलिंडर अर्धा मिलिमीटर मोठा कापून घ्यायचा आणि त्यात त्या मापाचा नवा पिस्टन बसवायचा. ब्लॉक वर उचलून त्यांनी आत बोट फिरवायला सांगितलं. एक ओरखडा नाही. "पाचपन्नास किलोमीटर चालली आसंल फार तर. नवी नवरी हाय ही."

मी आत जाऊन आईला विचारलं. ती लाडू वळत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "हो, केली होती ना. त्याच पावसाळ्यात. कोल्हापूरला उद्यमनगरात दोनदा जाऊन आले. पिशवीत तो लोखंडाचा ठोकळा घालून, एसटीने. सामान मिळेनाच म्हणत होते. रोजच्याला नको म्हणाले, पोरगा येईल तेव्हा चालवेल."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू तरी कुठे विचारलंस?"

खरंच, मी कधीच विचारलं नाही. पंचवीस वर्षं मी घरी गेलो की पडवीच्या बाजूला बघायचंच टाळत आलो. मला शरम वाटायची. पण ती शरम बाहेरून कशी दिसत असेल, हे त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात आलं. अण्णांना काय दिसलं असेल? त्यांनी गाडी नीट करून ठेवली आणि पोरगा तिच्याकडे ढुंकून बघत नाही. त्याला आता तिच्यात रस उरलेला नाही. मग कशाला विषय काढा! मी त्यांचा राग धरून चाललो होतो आणि ते माझा कंटाळा. दोघांचाही अंदाज चुकला असावा, पण आता पडताळून बघायला दोघांपैकी एकच उरलाय. शेवटच्या आजारपणात आम्ही तासन् तास बोललो. क्रिकेट, ऊसदर, शेजाऱ्यांची भांडणं, सगळं. गाडी सोडून.

भंगाराचा विषय तिथेच संपला.

पुढचे दोन महिने मी दर शनिवारी कऱ्हाडला. टाकीत गंजच गंज. मूठभर नट-बोल्ट आणि व्हिनेगर घालून ती हलवत बसलो, मग सोड्याच्या पाण्याने धुतली. कार्बोरेटरच्या तळाशी हिरवट चिकटा होता. जेटचं भोक वायरीतल्या तांब्याच्या एका बारीक तारेने मोकळं केलं, कारण स्टीलची तार घातली तर भोक मोठं होतं, असं मिस्त्रींनी दोनदा बजावलं. क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटल्या होत्या. पॉइंटवर थर चढला होता, तो बारीक पॉलिश पेपरने घासून ०.४ मिलिमीटरचा गॅप लावला. सहा व्होल्टची बॅटरी, टायर, वायरी नव्या. काही सामान पुण्यात नाना पेठेत मिळालं. पेट्रोलची नळीही बदलली, कारण आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला मानवत नाही. शिवाय ते ओलावा ओढतं, त्यामुळे टाकीत पेट्रोल महिनोन् महिने ठेवायचं नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी लिटरभर पेट्रोलात चाळीस मिलि ऑइल मिसळलं. मापाने. दोनदा तपासून. मिस्त्री म्हणाले, "तुमीच मारा." सात किका फुकट. आठवीला एक फट् असा बार, आणि नवव्या किकला ती लागली. तो पत्र्यावर टणटण वाजल्यासारखा आवाज, आणि अंगणभर निळा धूर. आई पदर नाकाला लावून दारात आली आणि काही न बोलता तिथेच उभी राहिली. मला धुरामुळे नीट दिसत नव्हतं, असं आपण म्हणू.

रस्त्यावर अजून काढलेली नाही. आधी वारस म्हणून गाडी नावावर करायची, त्यासाठी फॉर्म ३१. मग फेरनोंदणी, पर्यावरण कर, विमा, पीयूसी. बराच पल्ला आहे. रोज चालवायची गाडी नव्हेच ती. एवढा धूर सोडत गावभर फिरायला मलाच लाज वाटेल. पण कधीतरी एखाद्या पहाटे उंब्रजपर्यंत जाऊन यायचं ठरवलंय. त्या वेळी परतीचा प्रवास अर्धाच राहिला होता.

माझी लेक सोळा वर्षांची आहे. अंगणात गाडी बघून म्हणाली, "बाबा, मला शिकवशील?" मी हो म्हणालो. पण त्याआधी तिला बसवून १९९८ सालची सगळी गोष्ट सांगितली. पंपावरच्या ऐटीसकट.