डावा गुडघा आणि लहान ट्रॅक्टर

बऱ्हाणपूर म्हटले की आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना मुमताजमहल आठवते. ती १६३१ साली येथे निवर्तली, हे शाळेत सर्वांनीच वाचलेले असते. मग कुंडी भंडारा पाहायचा असतो आणि परतताना माव्याची जिलबी बांधून हवी असते. ह्या सगळ्यांविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. मी लिहिणार आहे ते गिअरविषयी. हे ऐकून माझ्या नणंदबाई हसल्या. "वहिनी, कुटुंबाच्या मासिकात गिअर कसला लिहितेस?" परंतु गेली दोन वर्षे आमच्या कुटुंबात दुसरा विषयच नव्हता, त्याला मी तरी काय करणार!

आमचा मळा शाहपूरच्या बाजूला आहे. साडेसात एकर काळी जमीन, त्यांतील पाच एकरांत केळी. पुढे इच्छापूर ओलांडले की महाराष्ट्राची हद्द लागते. चार पिढ्यांपासून आम्ही हद्दीच्या अलीकडे आहोत. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि मजुरांशी निमाडी, असा आमचा त्रिवेणी कारभार.

मामंजींनी १९८६ साली एच.एम.टी.चा ३५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घेतला. तेव्हा मी ह्या घरात नवी होते. त्याच्या पुढच्या चाकाखाली नारळ फोडला गेला त्या वेळी औक्षणाचे ताट माझ्याच हाती होते. ट्रॅक्टर गुणी होता, पण त्याचा क्लच म्हणजे जात्याचा खुंटा. सारे वजन डाव्या पायावर दिल्यावाचून तो खाली जात नसे. गिअर बदलायचा तर गाडी पुरती थांबवावी लागे, नाही तर आतून असा काही करकराट होई की सासूबाई ओसरीवरून विचारीत, "काय मोडलं रे?" पुढे २०१६ साली सरकारने त्या कारखान्याचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला आणि सुटे भाग शोधण्यासाठी ह्यांना जुन्या बाजाराच्या वाऱ्या कराव्या लागू लागल्या.

तोवर शेतीही बदलली होती. पूर्वी केळीच्या ओळींतून वखर आणि कोळपे बैलांनी ओढावे आणि घरचा सालदार मागे चालावा, अशी रीत होती. शेवटची बैलजोडी विकली गेली. सालदाराचा मुलगा शहरात यंत्रमागावर लागला आणि वर्षभराने सालदारही त्याच्यामागे गेला. त्याला तरी का दोष द्यावा? तिथे डोक्यावर छप्पर असते. मग सारेच ह्यांच्या अंगावर आले आणि त्यातच डावा गुडघा गेला. इंदुरास शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी निक्षून सांगितले, चालणे ठीक, पण जोराने दाबण्याचे काम ह्या पायाला द्यायचे नाही.

मुलगा पुण्याला असतो. फोनवर म्हणाला, "आई, बाबांना सांग, मळा बटाईने देऊन टाका. किती दिवस ओढणार?" त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. हे मात्र त्या रात्री पानावरून उठले आणि ओसरीवर जाऊन बसले. मामंजींनी विकत घेऊन वाढवलेली जमीन दुसऱ्याच्या हाती द्यायची, हा विचार ताटातल्या भाकरीवर येऊन बसला होता.

लहान ट्रॅक्टर घ्यावा, ही कल्पना ह्यांचीच. आमची लागण सहा फूट बाय पाच फूट असते, म्हणजे एकरी १,४५२ झाडे. सहा फुटांच्या त्या गल्लीत मोठा ट्रॅक्टर शिरला तर दोन्हीकडची रोपे जातात. तीन फूट रुंदीचा शिरतो. झाडे दोन-तीन महिन्यांची होईपर्यंत, पाने गल्ली झाकण्यापूर्वी, त्याने तण काढून घ्यायचे. तेही वरवर, कारण केळीची मुळे उथळ असतात. खोल गेले की तुटतात. शिवाय मोठ्या ट्रॅक्टरचे वजन दोन टनांच्या घरात, लहान त्याच्या निम्म्याहूनही हलका. ओल्या काळ्या जमिनीवर हा फरक नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

कांदेबाग लागली होती. एका स्नेह्यांचा जुना लहान ट्रॅक्टर दिवसभरासाठी मागून आणला. मी धुऱ्यावर बसले. पदरात तुरीचे दाणे घेतले होते. ह्यांनी क्लच दाबला की एक दाणा ह्या ओट्यातून त्या वाटीत. एक एकर चौकोनी धरला तर बाजू सुमारे २०९ फूट, म्हणजे सहा फुटांच्या चौतीस गल्ल्या. प्रत्येक गल्लीच्या शेवटी थांबायचे, मागे घ्यायचे, पुन्हा पुढे घालायचे. संध्याकाळी वाटीतले दाणे मोजले, ११२ भरले. एका एकराला एकशे बारा! गुडघा तर भोपळ्यासारखा सुजला. लहान घेतला म्हणजे प्रश्न सुटला, हा आमचा समज त्या दिवशी गेला. त्या ट्रॅक्टरचे अंग लहान होते, पण आतला गिअर मामंजींच्या काळचाच होता.

मग मी गिअर म्हणजे काय हे समजून घ्यायचे ठरवले. आमचे जुने मिस्त्री आहेत, तीस वर्षांपासून घरोब्याचे. त्यांनी फळीवर उघडलेला गिअरबॉक्स दाखवला. "भाभीजी, ये देखिए," म्हणून दातेरी चाके हाताने फिरवून दाखवली. अगदी जुन्या पद्धतीत आख्खे चाक दांड्यावरून सरकत जाऊन दुसऱ्या चाकात दात घालते. दोघांची गती निराळी असली की दातावर दात आपटतो. तोच आमचा करकराट. दुसऱ्या पद्धतीत चाके सदाच एकमेकांत गुंतलेली असतात, पण दांड्यावर मोकळी फिरतात. एक कडे सरकून त्यांतल्या एकाला दांड्याशी जखडते. झीज कमी, पण कडे बसताना धक्का असतोच. तिसरी पद्धत सिंक्रोमेशची. तिच्यात जखडण्याआधी एक निमुळते कडे चाकावर घासते, दोघांची गती सारखी करते आणि मगच दात बसतात.

मला चटकन फुगडी आठवली. फिरणाऱ्या दोघींमध्ये तिसरी एकदम हात घालू लागली तर सगळ्याच आपटतात. तिने बाजूने आधी त्याच ठेक्यात पाय टाकावे लागतात. मिस्त्रींना फुगडी समजावून सांगता सांगता माझी पुरेवाट झाली, पण त्यांनी मान डोलावली.

त्यांनीच आणखी एक गोष्ट सांगितली, आणि आमच्या दृष्टीने तीच सर्वांत मोलाची ठरली. काही ट्रॅक्टरांत स्टिअरिंगजवळ डाव्या हाताशी वेगळी दांडी असते. पुढे लोटली की ट्रॅक्टर पुढे, मागे ओढली की मागे. ज्या गिअरमध्ये आहात तो तसाच राहतो. तिला शटल म्हणतात. गल्लीच्या टोकाला मुख्य दांडी चाचपडत बसावे लागत नाही. साध्या शटलला क्लच दाबावाच लागतो. ज्यांत हे काम तेलाच्या दाबाने होते त्यांत पाय लावण्याचीही गरज नाही, पण किंमत चढते. परदेशांत तर काही लहान ट्रॅक्टरांना नेहमीसारखे गिअरच नसतात, पंपाच्या तेलावर चाके फिरतात आणि पुढे-मागे जायला पायाखाली पट्टी असते. थोडी ताकद त्यात वाया जाते म्हणे. आमच्या बाजारात मला तसा एकही दिसला नाही.

दुकाने हिंडणे हा एक स्वतंत्र अध्याय आहे. बऱ्हाणपूर, रावेर, खंडवा, सर्वत्र पहिला प्रश्न एकच: "कितने हॉर्सपावर का चाहिए?" गुडघा कोणता, हे कुणी विचारले नाही. एका ठिकाणी तर आम्ही जमिनीचे माप सांगितल्यावरही पंचेचाळीस अश्वशक्तीचा लाल ट्रॅक्टर पुढे केला गेला. खरे सांगायचे तर ह्यांचे डोळे त्याच्यावरून हलेनात. देशात १९५९ साली फरिदाबादला आयशरचा पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला, तेव्हापासून ट्रॅक्टर म्हणजे घराण्याची उंची, अशी काहीशी समजूत आपल्याकडे रुजली आहे. लहानांचा मान अलीकडचा. जपानच्या चिमुकल्या भातखाचरांत अशी यंत्रे जुनीच. आता आपल्याकडेही महिंद्रांचा १५ अश्वशक्तीचा युवराज आहे, आणि २०२३ च्या स्वातंत्र्यदिनी त्यांनी जपानमधील आपल्या सहकाऱ्यांसह घडवलेली ओजा नावाची हलकी मालिका आली. कुबोटाचेही लहान ट्रॅक्टर शिवारात दिसतात. मात्र चारही चाकांना जोर असलेला लहान ट्रॅक्टर स्वस्त नसतो. त्याची किंमत ऐकून हे म्हणाले, "एवढ्यात थोडी भर घातली तर मोठा येतो."

"मोठा येईल हो, पण त्याच्यावर बसणार कोण?" मी विचारले. बोलून गेल्यावर मला वाईट वाटले.

त्यानंतर मी एक अट घातली. दुकानाच्या अंगणात चालवून पाहायचा नाही, आपल्या वावरात पाहायचा, आणि इंजिन तापल्यावर वीस वेळा मागे-पुढे घ्यायचा. एका दुकानदाराने सरळ नकार दिला. दोघांनी मान्य केले. मीही चढले. सलवार-कमीज घालून गेले होते ते बरे झाले, कारण एकाची गिअरची दांडी दोन पायांच्या मधोमध होती; लुगड्यात तर बसताच आले नसते. दुसऱ्याच्या दांड्या बाजूला होत्या, पायरी खाली होती, क्लच माझ्या चपलेच्या नुसत्या दाबाने खाली गेला. तोपर्यंत मी एक लूनाच काय ती चालवली होती. ह्यांनी माझ्याकडे पाहिले आणि काही बोलले नाहीत.

तोच घेतला. चोवीस अश्वशक्ती, चारही चाकांना जोर, बाजूच्या दांड्या आणि डाव्या हाताशी सिंक्रोमेशचे शटल. मागे तीन फुटी रोटाव्हेटर. खोल नांगरट आणि घडांनी भरलेली ट्रॉली ही कामे त्याची नव्हेत. त्यासाठी वर्षातून चार दिवस मोठा ट्रॅक्टर भाड्याने आणतो. शेजारच्या मळ्यातून "काकू, खेळणं आणलं का?" अशी चौकशी झाली. होऊ दे.

मामंजींचा ट्रॅक्टर विकावा लागला, कारण त्याच्या पैशांखेरीज हिशेब जुळत नव्हता. नेपानगरकडचे एक गृहस्थ घेऊन गेले. त्या सकाळी हे मळ्यात निघून गेले होते. हळदीकुंकू मीच लावले. १९८६ साली मी ताट धरले होते त्याच जागी.

मला नीट चालवता यायला दोन महिने लागले. पहिल्या दिवशी इंजिन सात वेळा बंद पाडले. परवा मृगबागेत दीड एकर केले. आधी ह्यांनी निम्मे, मग मी. हे धुऱ्यावर खुर्ची टाकून तुरीचे दाणे घेऊन बसले होते. उतरल्यावर मी विचारले, "किती?"

"तुझ्या वाटणीचे अडुसष्ट," हे म्हणाले. दाणे फारसे कमी झाले नव्हते, पण ह्यांचा पाय संध्याकाळी माझ्याइतकाच थकलेला होता, सुजलेला नव्हता. "आणि चौथी ओळ वाकडी गेली आहे. ठिबकची नळी कापलीस."

नळी खरोखरच दोन ठिकाणी कापली होती. जोडणी आणायला ते शाहपूरला गेले, येताना मला चप्पलऐवजी पुढून बंद बूट घेऊन आले.