बोलका पडदा आणि आमची बोली

आम्ही मिरजेचे. तंतुवाद्ये बनवणाऱ्या घराण्यातले. पंढरपूरकडून येणारे भोपळे वाळवायचे, कापायचे, त्यांचे सतार-तंबोरे करायचे, हे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. घरात सिनेमाचे कौतुक कधीच नव्हते. थोरामोठ्यांसमोर त्याचे नावही निघत नसे. तरीही आमच्या घरातल्या एका माणसाची काही वर्षे सिनेमाच्या कमाईवर निघाली. ते आमच्या आजोबांचे थोरले भाऊ. सगळे त्यांना बडे दादा म्हणत. ते मूकपटाच्या थिएटरात पडद्याखाली बसून तबला वाजवत असत.

आजच्या मुलांना हे सांगितले की ती हसतात. मुका सिनेमा, मग तबला कशाला? पण मूकपट मुका असला तरी थिएटर कधी मुके नसायचे. पडद्याच्या पुढ्यात पेटी आणि तबला, मोठ्या शहरात व्हायोलिनही. घोडा धावू लागला की तबल्याची लय चढायची आणि नायिकेच्या डोळ्यांत पाणी आले की पेटीचा सूर खाली यायचा. मारामारीला प्रेक्षकच शिट्ट्या आणि आरोळ्या पुरवत. प्रसंगांच्या मधे मजकुराच्या पाट्या येत. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला, तेव्हा त्याच्या पाट्या इंग्रजी आणि हिंदीत होत्या. पुढे उर्दू, गुजराती, मराठी अशा तीन-चार भाषांतही पाट्या येऊ लागल्या. ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाची आणि शेजारचे चार जण ऐकत. बडे दादांना वाचता येत नव्हते. पण पाटी कोण वाचतो आणि कोणत्या भाषेत वाचतो, यावाचून त्यांचे काही अडले नाही.

हे आम्ही मुद्दाम सांगतो आहोत. त्या वीस वर्षांत पडद्यावरच्या माणसाला कुणी विचारले नाही की तुझी भाषा कोणती, तुझा उच्चार कुठला. पुण्यात जन्मलेली रूबी मायर्स ही ज्यू मुलगी ‘सुलोचना’ या नावाने साऱ्या देशाची लाडकी नटी झाली. उर्दू रंगभूमीवरून आलेल्या फातमा बेगम पडद्यावर आल्या, स्वतःची चित्रसंस्था काढली आणि 1926 मध्ये ‘बुलबुल-ए-परिस्तान’ दिग्दर्शित केला. चित्रपट दिग्दर्शित करणारी ही भारतातली पहिली स्त्री. त्यांच्या तिन्ही मुली, जुबेदा, सुलताना आणि शहजादी, पडद्यावर आल्या. मराठी बोलणारा मास्टर विठ्ठल तलवारबाजीच्या मूकपटांचा बादशहा झाला. या सर्वांच्या तोंडी प्रेक्षक आपल्या मनाने आपापली भाषा घालत होता.

मग 14 मार्च 1931 हा दिवस उजाडला. मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात अर्देशीर इराणींच्या इंपीरियल फिल्म कंपनीचा ‘आलम आरा’ लागला. हा भारतातला पहिला बोलपट. इतकी गर्दी लोटली की पोलीस बोलवावे लागले. चार आण्यांचे तिकीट चार-पाच रुपयांना विकले गेल्याचे सांगतात.

तो बोलपट तयार कसा झाला, हे ऐकण्यासारखे आहे. स्टुडिओजवळून रेल्वेचे रूळ जात. गाड्यांचा खडखडाट नको म्हणून रात्री, गाड्या थांबल्यावर चित्रीकरण चाले. चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर एकाच वेळी उतरत असे, त्यामुळे मागाहून आवाज दुरुस्त करायची सोय नव्हती. माईक कुठेतरी आडोशाला लपवलेला असे आणि नटांनी त्याच्या जवळपासच राहायचे. वाजवणारे कॅमेऱ्याला दिसणार नाहीत असे बसत. पार्श्वगायनही तेव्हा नव्हते, ते 1935 साली आले. ज्याचा चेहरा, त्याचाच गळा. चित्रपटात सात गाणी होती. त्यातले पहिले गाणे वजीर मोहम्मद खान यांनी गायले. एक फकीर अल्लाहच्या नावाने दान मागतो, असे ते गाणे. साथीला पेटी आणि तबला. आपल्या देशाच्या पडद्यावर गाण्याचा पहिला सूर लागला तो एका फकिराच्या झोळीतून.

हीच पेटी आणि हाच तबला कालपर्यंत पडद्याच्या पुढ्यात बसून वाजत होता. आता तो फिल्मच्या आत गेला. मुंबईत एकाने वाजवले की गावोगावच्या थिएटरात तेच ऐकू येणार. आमच्या भागात बोलपटाचे यंत्र यायला आणखी काही काळ गेला, कारण 1934 पर्यंत देशात मूकपट बनतच होते. पण एके दिवशी यंत्र आले आणि बडे दादांची बैठक उठली. मालक वाईट नव्हता. हिशेब चुकता केला, वर एक धोतरजोडी दिली. बडे दादा पुन्हा कारखान्यात भोपळे घासायला बसले. ते कधी बोलपटावर चिडल्याचे घरात कुणाला आठवत नाही. पहिला बोलपट बघून आले तेव्हा गोष्ट काय होती, हे त्यांना सांगता येईना. ते म्हणाले, मी तबलाच ऐकत बसलो होतो, पोराचा हात चांगला आहे.

बडे दादांची रोजी गेली. काही जणांचे त्याहून वेगळेच काही गेले. ‘आलम आरा’चा नायक होता मास्टर विठ्ठल. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून पुढे आलेला. या चित्रपटासाठी तो जुनी कंपनी सोडून आला. त्या कंपनीने करारभंगाचा दावा लावला, तर विठ्ठलने वकील दिला तो बॅरिस्टर महंमद अली जिना. खटला जिंकून नायक सेटवर आला आणि तिथे अडचण झाली ती त्याच्या उच्चाराची. चित्रपटाची भाषा हिंदुस्तानी, त्यातही उर्दूकडे झुकलेली. विठ्ठलची जीभ मराठी. शेवटी कथेत त्याला बराच वेळ गुंगीत, अर्धवट शुद्धीत दाखवले गेले, असे नोंदलेले आहे. म्हणजे पहिल्या बोलपटाचा नायक बराचसा मुकाच राहिला. सुलोचनाचीही तीच गत. लाखोंच्या गळ्यातला ताईत असलेल्या या नटीला कामातून बाजूला होऊन हिंदुस्तानी शिकावी लागली. ती शिकली आणि 1932 च्या ‘माधुरी’तून परत आली. स्टुडिओत मुन्शींना मान आला. संवाद लिहायचे ते आणि नटांचा शीन-काफ घोटून घ्यायचे तेही तेच.

विठ्ठलची ही हकिकत वाचताना आम्हांला आमच्याच घराची आठवण आली. आम्ही घरात जी बोलतो ती ना धड उर्दू, ना धड मराठी. ‘मेरेकू’, ‘कायकू’, ‘मैं जाको आती’ असे बोलणे, त्यात मधूनच ‘अगं’ आणि ‘बरं’. आमची अम्मी मीठभाकरीच्या गोष्टी मराठीत सांगते आणि दुआ उर्दूत मागते. बाहेर पडलो की मात्र दोन्हीकडून मार. शाळेत कविता चांगली म्हटली तर “तुमचं मराठी किती छान आहे हो” अशी शाबासकी मिळते. त्यात कौतुकापेक्षा आश्चर्य जास्त. जणू सात पिढ्या याच मातीत गेलेल्या माणसाला मराठी येणे हा काही चमत्कार आहे. आणि उत्तरेकडच्या पाहुण्यांत बसलो की आमच्या ‘क’ आणि ‘ख’वर ओठ दाबून हसणे होते.

दोन वर्षांपूर्वी नात्यातल्या एका निकाहात आमच्या घरातली बारा वर्षांची मुलगी नवरीला काहीतरी सांगत होती. घरात बोलते तसेच बोलत होती. एका पाहुण्या बाईंनी तिला थांबवले आणि चारचौघींत ते वाक्य ‘शुद्ध’ करून म्हणायला लावले. पोरीने म्हटले. मग जेवण होईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. त्यानंतर कितीतरी दिवस पाहुणे आले की ती आतल्या खोलीत जाऊन बसे. चुणचुणीत मूल असे मुके झाले की घरच्यांच्या जिवाला काय होते, ते ज्यांनी पाहिले त्यांनाच ठाऊक.

तिला काय सांगावे, हा आम्हांला पडलेला प्रश्न. आणि त्याचे उत्तर थोडेफार सापडले ते याच बोलपटाच्या इतिहासात. कारण ज्या ‘आलम आरा’ने विठ्ठलला गप्प केले, तो तरी कुणाचा होता? निर्माते-दिग्दर्शक अर्देशीर इराणी पुण्यात जन्मलेले पारशी. मूळ नाटक जोसेफ डेव्हिड यांचे. ते बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणात तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवतात म्हणून शनवार तेली म्हणून ओळखले जाणारे, मराठी बोलणारे ज्यू. नायिका जुबेदा, तिचे गाव सुरत. सोबत पेशावरकडचा पृथ्वीराज कपूर. कुणाची जीभ कुठली, कुणाची कुठली. ज्या भाषेला आपण आज ‘सिनेमाची शुद्ध भाषा’ समजतो, ती अशा सरमिसळ लोकांनी रात्री जागून, एकमेकांचे ऐकत घडवली.

त्याच वर्षी ऑक्टोबरात इराणींच्याच कंपनीचा ‘कालिदास’ आला. पहिला तमिळ बोलपट म्हणून तो ओळखला जातो. पण त्यात नायिका तमिळ बोलत होती, नायक तेलुगू बोलत होता आणि काही जण हिंदी. एकाच चित्रपटात तीन भाषा, आणि लोक तो पाहायला झुंबड करून गेले. समजून घ्यायचे असेल तर माणूस समजून घेतो.

आणखी एक गोष्ट आम्हांला फार आवडते. 1933 मध्ये इराणींनी अब्दुल हुसेन सेपंता यांच्यासह मुंबईतच ‘दुख्तर-ए-लोर’ काढला. तो पहिला फारसी बोलपट. त्यातली नायिका रूहअंगीज केरमानची, आणि तिच्या फारसीत केरमानची ढब पक्की बसलेली. नायिका तर लूर टोळीतली दाखवायची. मग काय केले? तिला गप्प केले नाही. गोष्टच बदलली. ही मुलगी मूळची केरमानची, लहानपणी पळवून आणलेली, असे कथेत घातले. एकाच कंपनीत दोन-अडीच वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन गोष्टी. एका ठिकाणी बोलीपायी माणसाला गुंगी आणली, दुसऱ्या ठिकाणी माणसाच्या बोलीसाठी कथेत जागा केली. आमच्या मुलीला आम्ही हीच गोष्ट सांगितली. ती लक्ष देऊन ऐकत होती. “मग त्या बाई तशाच बोलल्या?” एवढेच तिने विचारले. हो, तशाच बोलल्या.

मराठी बोलपटानेही या बाबतीत मोठे मन दाखवले. प्रभातने 1932 मध्ये ‘अयोध्येचा राजा’ कोल्हापुरात मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत काढला. पुढे 1941 मध्ये व्ही. शांताराम यांनी मराठीत ‘शेजारी’ आणि हिंदीत ‘पडोसी’ केला. दोन जिवलग म्हाताऱ्या शेजाऱ्यांची, एका हिंदूची आणि एका मुसलमानाची ही गोष्ट. हिंदीत मुसलमान मिर्झाचे काम गजानन जागीरदारांनी केले आणि हिंदू शेजाऱ्याचे काम मजहर खान यांनी. ज्या काळात देशात फूट वाढत होती, त्या काळात ही अदलाबदल मुद्दाम केलेली होती. नाव, धर्म आणि जीभ यांची गाठ लोक समजतात तितकी घट्ट नसते, हे यापेक्षा सोप्या रीतीने कसे सांगणार?

‘आलम आरा’ची एकही प्रत आज उरलेली नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातही नाही. मूकपट तर तेराशेच्या आसपास बनले, त्यांतले बोटांवर मोजण्याइतकेच हाती आहेत. ते वजीर मोहम्मद खानांचे फकिराचे गाणे त्या पडद्यावर कसे उमटले, हे आपल्यापैकी कुणालाच आता ऐकता येणार नाही. इतक्या हौसेने ज्याला बोलते केले, तेच असे कायमचे मुके झाले. जे जपले नाही, ते गेले.

वाचकहो, बोलीचेही असेच आहे. फिल्मचे डबे गेले, ते आपल्या हातात नव्हते. घरातली बोली मात्र आपल्याच हातात आहे. शुद्ध उर्दू जरूर शिकवा, ती गोड जबान आहे. शुद्ध मराठी तर शिकवाच, ती आपल्या राज्याची आणि आपली स्वतःची भाषा आहे. परंतु आजी ज्या बोलीत नातवंडांना निजवते, ती ऐकून मुलांना शरम वाटेल असे काही आपल्या दस्तरखानावर घडू देऊ नका. पाहुण्याने हटकले तर मोठ्यांनी मुलांच्या बाजूने उभे राहावे आणि हसतमुखाने सांगावे, आमच्याकडे असेच बोलतात.

आमच्या घरात आता हा नियम आहे. परवा फोनवर कुणाशी तरी ‘मैं जाको आती’ म्हणत ती मुलगी दाराबाहेर पडली. आवाज अगदी खणखणीत होता.