हार्ड डिस्क उघडत नाही तेव्हा

पूर्वी आपल्या पेढ्यांवर रोजमेळ आणि खतावणी लाल कापडी बांधणीच्या वह्यांत लिहिली जात असे. वहीला वाळवी लागली किंवा पावसाचे पाणी शिरले, तर ते डोळ्यांना दिसे आणि उरलेली पाने वाचवता येत. आज तेच हिशोब टॅलीमध्ये असतात आणि मागील वर्षे तळहातावर मावणाऱ्या एक्सटर्नल हार्ड डिस्कमध्ये. या नव्या वहीची अडचण अशी, की ती बिघडू लागली तरी बाहेरून काही कळत नाही. एके दिवशी ती उघडतच नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर केडगावातील आमच्या शेजारच्या एका तरुण किराणा व्यापाऱ्यावर हा प्रसंग आला. तीन वर्षांपूर्वीच्या खरेदीबाबत जीएसटीची विचारणा आली होती आणि उत्तरासाठी आठ दिवस उरले होते. दुकानातला संगणक मधल्या काळात बदललेला. जुनी सर्व वर्षे एकाच डिस्कवर. डिस्क जोडताच पडद्यावर संदेश आला, की वापरण्यापूर्वी ती फॉरमॅट करावी लागेल. त्याने फोनवर विचारले, "काका, हो म्हणू का?" मी म्हणालो, "काहीही दाबू नकोस. मी येतो."

हा संदेश सल्ल्यासारखा दिसतो, म्हणूनच तो घातक आहे. डिस्कवर माहितीची पाने असतात आणि कोणते पान कोठे आहे हे सांगणारी अनुक्रमणिका असते. अनुक्रमणिका वाचता आली नाही, की संगणक फॉरमॅट सुचवतो. झटपट फॉरमॅटने कोरी अनुक्रमणिका तयार होते. पूर्ण फॉरमॅटने तर पानांवरच शून्ये लिहिली जातात. दोन्हींतून हिशोब परत मिळत नाही, उलट मिळण्याची शक्यता घटते.

बँकेत सायंकाळी रोख जुळली नाही, तर आम्ही खतावणीला हात लावत नसू. आधी नोटा पुन्हा मोजायच्या, मग व्हाउचर, मग बेरजा. ज्याने काही बिघडणार नाही ते प्रथम, हाच तो क्रम. डिस्कलाही तोच लागू आहे.

पहिली तपासणी केबलची. अशा डिस्कला सहसा वेगळा वीजजोड नसतो. ती संगणकाकडूनच वीज घेते. यूएसबी २.० पोर्टची प्रमाणित मर्यादा ५०० मिलिअँपिअर, तर ३.० ची ९०० मिलिअँपिअर आहे. सैल केबल, अनेक तोंडांचा हब किंवा संगणकाच्या पुढच्या बाजूचे पोर्ट यांमुळे वीज कमी पडली, की चांगली डिस्कही अडखळते. म्हणून दुसरी केबल घ्यावी, मागच्या बाजूच्या पोर्टला थेट जोडावी आणि मग दुसरा संगणक वापरून पाहावा.

त्यानंतर विंडोजमध्ये स्टार्टच्या चिन्हावर माउसचे उजवे बटण दाबून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडावे. तेथे डिस्क ठीक दिसत असून तिला केवळ अक्षर नसेल, तर अक्षर द्यावे. माहितीला धक्का लागत नाही. 'रॉ' किंवा 'नॉट इनिशियलाइज्ड' असे दिसले, तर तेथेच थांबावे. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर ती लगेच काढावी आणि पुन्हा पुन्हा लावून पाहू नये. आतील वाचक शीर्ष बिघडले असेल, तर प्रत्येक प्रयत्नात तबकडीवर ओरखडे उठू शकतात. ते काम माहिती परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाचेच.

आमच्या शेजाऱ्याच्या डिस्कला आवाज नव्हता. केबलचे तोंड मात्र हलत होते. नवी केबल मागच्या पोर्टला जोडली आणि सर्व वर्षांचे फोल्डर दिसले. दुसरे काहीही करण्याआधी आम्ही ते संगणकावर उतरवून घेतले. एकदा अडखळलेल्या डिस्कवर विसंबणे शहाणपणाचे नव्हते. उत्तर मुदतीत गेले.

कायद्याची अपेक्षाही ध्यानात घ्यावी. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशोब त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. कंपनी असल्यास कंपनी कायदा, २०१३ प्रमाणे किमान ८ वर्षे. प्रकरण अपिलात असेल, तर ही मुदत आणखी वाढू शकते. एवढा काळ एकच डिस्क साथ देईल असे गृहीत धरणे म्हणजे तारणाशिवाय कर्ज देणे होय.

बँकेच्या तिजोरीची दुसरी किल्ली त्याच इमारतीत ठेवत नाहीत. हिशोबाची दुसरी प्रतही दुकानाबाहेर असावी: घरी, भावाकडे किंवा लॉकरमध्ये. दोन्ही डिस्क कायम संगणकाला जोडलेल्या नसाव्यात, कारण विजेचा धक्का किंवा व्हायरस जोडलेल्या प्रत्येक वस्तूला गाठतो. डिस्क काढताना 'इजेक्ट' करून मगच वायर ओढावी.

लक्ष्मीपूजनाला आपण वहीपूजन करतो. त्याच आठवड्यात दोन्ही डिस्क जोडून एखादे जुने वर्ष टॅलीत उघडावे आणि वर्षअखेरची शिल्लक छापील ताळेबंदाशी ताडून पाहावी. शिल्लक जुळली, तरच आपला बॅकअप आहे असे समजावे.