पानावरची नको असलेली पांढरी जागा



फेब्रुवारी २०२१ ची गोष्ट आहे. पाचवी ते आठवीचे वर्ग जानेवारीत सुरू झाले होते, पण पहिली ते चौथी बंदच होती. त्यात अमरावतीत पुन्हा लॉकडाऊन लागला. मी तेव्हा चौथीला शिकवत होते. रोजचा पाठ एका वेब पानावर टाकायचा आणि त्याची लिंक पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर द्यायची, असा माझा क्रम. पानाचं टेम्प्लेट फुकट मिळालेलं होतं. त्यातले नमुन्याचे फोटो मी काढून टाकले, बाकी सगळं तसंच ठेवलं.

वर्गातली एक मुलगी एकही स्वाध्याय पाठवत नव्हती. फोन केला की तिची आई म्हणायची, "मॅडम, पानावर त काहीच नाई दिसून राह्यलं." दोनदा ऐकून घेतलं. तिसऱ्यांदा मला तो बहाणा वाटला. माझ्या नोंदवहीत तिच्या नावापुढे ‘पालक लक्ष देत नाहीत’ असा शेराही लिहून मोकळी झाले.

मग पोषण आहाराचा तांदूळ न्यायला ती माउली शाळेत आली. हरभरा सोंगून थेट आलेली. तिनं मोबाइल माझ्यापुढे धरला, "पाहा बरं तुम्हीच." मी लिंक उघडली. वर शाळेचं नाव आणि खाली पांढरंफटक! अंगठ्यानं तीनदा पान सरकवलं तेव्हा कुठे पाठाचं शीर्षक दिसलं. नेट मंद, त्यामुळे पान उघडलंच नाही असं समजून ती ते बंद करत होती. तिची काय चूक? मला तिच्याकडे बघवेना.

रात्री लॅपटॉप घेऊन बसले. लॅपटॉपवर सगळं ठीक दिसत होतं. उजवीकडे थोडी मोकळी पट्टी होती, ती मला छानच वाटायची. मग क्रोममध्ये पानावर राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ उघडलं. कंट्रोल, शिफ्ट आणि एम एकदम दाबलं की तेच पान मोबाइलच्या आकारात दिसतं. शेजारच्या कोडच्या ओळींवर माउस फिरवला की पानावरचा तो तो भाग रंगात उजळतो. मजकूर निळा, पॅडिंग हिरवं, मार्जिन नारिंगी.

हे दोन शब्द आपल्या शेतावरून समजून घेऊ. चौकटीची रेघ, म्हणजे बॉर्डर, हा आपला धुरा. धुऱ्याच्या आत, पीक सुरू होईपर्यंत सोडलेली जागा म्हणजे पॅडिंग. धुऱ्याबाहेर, शेजारच्या वावरापर्यंतची जागा म्हणजे मार्जिन. जागा नेमकी कोणाची, हे आधी कळलं पाहिजे. नाहीतर आपण दुसऱ्याचाच धुरा कोरत बसतो.

माझ्या पानावर दोष तिसराच निघाला. फोटो गेले, पण त्यांची चौकट राहिली होती आणि तिची उंची ठरावीक लिहिलेली होती. मोठ्या पडद्यावर ती बाजूला बसायची. मोबाइलवर दोन रकाने एकाखाली एक येतात, आणि कोडमध्ये चौकट पाठाच्या आधी असल्यामुळे ती पाठाच्या डोक्यावर येऊन बसली. ती चौकट काढली आणि पाठ वर आला.

बाकीच्या चुका माझ्याच हातच्या होत्या. मजकूर खाली ढकलायला मी चार-चार वेळा एंटर दाबलं होतं. प्रत्येक एंटरचा एक रिकामा परिच्छेद झाला होता. ते पुसले. चित्रांखाली एक बारीक फट दिसायची. ब्राउझर चित्राला अक्षरासारखं ओळीवर बसवतो आणि उकारासाठी खाली जागा ठेवतो, म्हणून ती फट. चित्राला ‘डिस्प्ले ब्लॉक’ दिलं की ती जाते.

मग मला चेव आला. ओळींमधलं अंतरही अगदी कमी केलं. सकाळी पाहते तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडलेले! इंग्रजीला चालणारं अंतर आपल्या देवनागरीला पुरत नाही. आपल्या अक्षरांना वर मात्रा-रफार आणि खाली उकार-ऋकार. शेवटी ओळीची उंची अक्षराच्या १.६ पट ठेवली. पूर्वी मोडीत शब्दांमध्ये जागा न सोडता लिहीत. सरावलेला कारकून ते सहज वाचायचा. पण चौथीतलं लेकरू अजून शब्द सुटे करून वाचायला शिकतंय, त्याला मोकळी जागा लागतेच. म्हणजे सगळीच पांढरी जागा वाईट नसते. जी वाचायला मदत करते ती ठेवायची, जी पाठ लपवते ती काढायची.

तेव्हापासून माझे तीन नियम आहेत. टेम्प्लेटमधलं काही काढायचं तर चौकटीसकट काढायचं. जागा हवी असेल तर एंटर न दाबता मार्जिन द्यायचं. आणि लिंक पाठवण्याआधी पान घरातल्या सगळ्यात साध्या मोबाइलवर उघडून पाहायचं.

पालकांनाही एक विनंती आहे. पान कोरं दिसलं तर शिक्षकांना तसं सांगाच, आणि जमलं तर स्क्रीनशॉट पाठवा. आमच्या पडद्यावर तुमचा पडदा दिसत नाही हो.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीचा स्वाध्याय आला. पाचही उत्तरं लिहिलेली, त्यातली दोन चुकलेली. मी नोंदवहीतला तो शेरा खोडला. खोडलेलं अजून दिसतं, आणि ते तसंच राहू दिलं आहे.