पुरावा काय?

‘पॉझिटिव्ह विचार कर’ हा सल्ला मला घरी फुकट मिळत होता. पैसे देऊन पुन्हा तोच ऐकायला मिळणार, अशी तयारी ठेवूनच मी सीबीटीला गेलो. मॅडमनी विचारलं, “हे खरं कशावरून?”

‘हे’ म्हणजे काय, तर मॅनेजरचा ‘दोन मिनिटं बोलू या?’ असा मेसेज आला की मला वाटायचं, आता काढणार. मग ईएमआय, मग गावी बाबांना काय सांगायचं. पहाटे तीनपर्यंत माझी नोकरी गेलेली असायची. राजीनामाही लिहून ठेवला होता, निदान आपण आधी.

आरन बेक या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांना 1960च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांमध्ये असेच आपोआप उगवणारे विचार दिसले. रुग्णाला ते विचार वाटतच नाहीत, बातमी वाटते. सीबीटी त्या बातमीची शहानिशा करते. (अल्बर्ट एलिस यांची आरईबीटी त्याआधीची, 1955ची. मराठीत ती कि. मो. फडके यांनी आणली.)

शहानिशा तक्त्यात होते: प्रसंग, विचार, भावना शंभरपैकी किती, बाजूचा पुरावा, विरुद्ध पुरावा. माझी भीती 90. बाजूचा पुरावा काय, तर ‘तसं वाटतं’. मॅडम म्हणाल्या, वाटणं भावनेच्या रकान्यात. विरुद्ध पुरावा म्हणून जुने मेसेज मोजले. अकरापैकी नऊ कामाचे, दोन रजेचे. भीती 60वर आली. शून्यावर नाही, आणि तसं वचनही कुणी दिलं नव्हतं. लॉग न वाचता बग ठरवायचा नाही, हे आम्हाला कळतं. फक्त कोडच्या बाबतीत.

तक्ता सोपा. खरा घाम फुटतो वर्तनाच्या भागात. मी मीटिंगमध्ये गप्प बसायचो. टाळलं की तेवढ्यापुरतं हायसं वाटतं, पण भीती खोटी ठरायची संधीच मिळत नाही. म्हणून प्रयोग: सोमवारी एक प्रश्न विचारायचा, भाकीत आधी लिहून. मी लिहिलं, ‘सगळे हसतील, 80 टक्के.’ प्रत्यक्षात एकजण म्हणाला, “मलाही हेच विचारायचं होतं.” बाकीचे म्यूटवर.

पण आमच्या क्षेत्रात नोकऱ्या खरंच जातात. त्याचं काय? मॅडम म्हणाल्या, पुरावा विचाराच्या बाजूने असेल तर विचाराशी भांडायचं नाही, तयारी करायची. त्या आठवड्याचा गृहपाठ होता सहा महिन्यांच्या खर्चाचा हिशेब, रेझ्युमे आणि बाबांना फोन. पहिले दोन झालेत.