खाली खेळायला

घर बदलताना माणूस काय काय मोजतो? कार्पेट एरिया मोजतो, हप्ता मोजतो, ऑफिसपर्यंतची मिनिटं मोजतो. आम्हीही हे सगळं मोजलं. एक्सेलमध्ये मोजलं, रंगबिरंगी रकाने करून. शेजारची मुलं कुठल्या भाषेत भांडतात असा रकाना मात्र त्यात नव्हता. तो कुणाच्याच एक्सेलमध्ये नसतो.

२०२४ च्या जूनमध्ये आम्ही कोथरूडहून वाकडला आलो. कारण तेच, जे अर्ध्या पुण्याचं असतं : हिंजवडी. कोथरूडहून जाऊन येऊन अडीच-तीन तास सहज जायचे आणि धाकटे चिरंजीव मला फक्त झोपलेले दिसायचे. वाकडहून अर्धा तास. (पाऊस नसेल तर. पाऊस असेल तर वाकड काय नि कोथरूड काय, सगळं सारखंच.) थोरली तेव्हा साडेपाच वर्षांची होती आणि धाकटा दोनचा.

नव्या जागेच्या बाकीच्या गोष्टी आठवड्याभरात अंगवळणी पडल्या. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या नोव्हेंबरपासून पाणी दिवसाआड येतं हे कळलं, मग टँकरचे हिशेब कळले. धाकटा जे पहिले काही शब्द सुटे सुटे बोलायचा त्यात 'टँकर' होता. कुठल्या लिफ्टला कधी रुसवा येतो, भाजीवाली कुठल्या गेटला बसते, वॉचमनकाकांना चहा कितीचा लागतो, सगळं कळलं. वेळ लागला तो 'खाली' प्रकरणाला.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्या पोरांसाठी 'खाली' ही दिशा नसते, ते एक गाव असतं. खाली जायचं, खाली सगळे आलेत, खाली भांडण झालं, खालचं खालीच ठेवायचं. संध्याकाळी सहा ते साडेसात या गावाचा बाजार भरतो. तीन विंगा, मधे एक हिरवा चौकोन, त्यावर 'गवतावर चालू नये' अशी पाटी आणि त्या पाटीला टेकून लपलेली चार मुलं.

पहिले चार दिवस थोरली बायकोचा हात धरून नुसती उभी राहिली. कोथरूडला ती बिल्डिंगची पुढारी होती, त्यामुळे हे बघवत नव्हतं. पाचव्या दिवशी वर आली ती लालबुंद होऊन. म्हणाली, "बाबा, डेन म्हणजे राज्य. मला आधी कुणी सांगितलंच नाही!"

बघा, एवढीच अडचण होती. खेळता तिला सगळं येत होतं, शब्द वेगळे होते. कोथरूडला ज्याच्यावर राज्य येतं, वाकडला तो 'डेन' देतो. (राज्य ज्याच्यावर येतं त्यानेच बिचाऱ्याने घामाघूम होऊन बाकीच्यांना शोधत फिरायचं, ही राज्याची कल्पना फक्त मराठी पोरांनाच सुचू शकते. असो.) 'टाइमप्लीज' तेवढं दोन्हीकडे सारखं निघालं. त्याच्या जोरावर तिने पहिले दोन दिवस काढले, अडलं की टाइमप्लीज. महिन्याभरात ती अशी हिंदी बोलायला लागली की लखनौच्या काकूंनी आम्हाला विचारलं, तुम्ही मूळचे कुठले?

धाकट्याचं वेगळं झालं. थोरलीकडे मराठी आधीच भरलेली होती, त्यावर हिंदी चढली. धाकट्याची पाटी कोरी होती. तो बोलायला लागला तोच खालून वर. त्याचं पहिलं अख्खं वाक्य, ज्यासाठी आम्ही मोबाईल चार्ज करून बसलो होतो, ते होतं, "पहले मैं!"

आम्ही हसलो. व्हिडिओ काढला. वाईला आईला पाठवला. तीही हसली. पण महिनाभराने फोनवर तो तिला म्हणाला, "आजी, आप कब आओगे?" आणि ती दोन सेकंद गप्प झाली. मग म्हणाली, "आप म्हणतोय रे मला. पाहुणी झाले वाटतं मी." आवाज हसरा होता, पण मी तिला चाळीस वर्षं ओळखतो.

मग घरात नियम झाला : उंबऱ्याच्या आत फक्त मराठी. गोष्टींची पुस्तकं आली, झोपताना एक गोष्ट सक्तीची झाली, त्याने हिंदीत पाणी मागितलं की आम्ही ऐकू न आल्यासारखं करायचो. हा नियम किती दिवस टिकला असेल? त्याने तिसऱ्या दिवशी त्यावर उपाय काढला. ताईला हिंदीत सांगायचं, ताई आम्हाला मराठीत सांगणार. म्हणजे चिरंजीवांनी अडीच वर्षांचं वय पुरं व्हायच्या आत स्वतःचा दुभाषी नेमला, बिनपगारी. मुलांच्या डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, दोन भाषांची सरमिसळ होणं हा काही दोष नाही, मुलं सहज निभावतात, बोलतोय ना भरपूर? बोलतोय. मग झालं तर.

माझा प्रश्न डॉक्टरांना कळण्यासारखा नव्हताच. त्याला बोलता येईल का ही काळजी नव्हती. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक आहेत, देशात तिसरा नंबर. भाषेला काही धाड भरलेली नाही. शाळेतही ती येईलच. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी विषय सक्तीचा झालाय. पण विषय म्हणून येणारी भाषा आणि जिच्यात आजीशी लाडीगोडी लावता येते ती भाषा, या दोन वेगळ्या. पहिलीला मार्क मिळतात. दुसरीत माझी आई आहे.

बायको जास्त शांत होती. ती सोलापूरची. तिच्या गल्लीत तेलुगू, कन्नड, मराठी असं सगळं एकत्र नांदायचं. तिचं म्हणणं, "त्याला मराठी का बोलावंसं वाटेल? आपल्या दोघांशी बोलायला? आपण तर त्याचं न बोलताही ऐकतो." मला हे तेव्हा पटलं नाही, पण उत्तरही सुचलं नाही.

एप्रिल २०२५ मध्ये आई महिन्याभरासाठी राहायला आली. आईला हिंदी येते ती सिनेमापुरती. रोज संध्याकाळी ती नातवंडांबरोबर खाली जाऊन बाकावर बसायला लागली आणि तिसऱ्या दिवशी तिने पोरांना विचारलं, तुम्हाला डबा ऐसपैस येतो का? नाही म्हणाली. आई वर आली, बायकोने जपून ठेवलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा रिकामा केला आणि घेऊन गेली.

ज्यांचं बालपण टीव्हीसमोर गेलं त्यांच्यासाठी सांगतो. डबा लांब फेकायचा, ज्याच्यावर राज्य त्याने तो आणून जागेवर ठेवायचा, तेवढ्यात बाकीच्यांनी लपायचं. कुणी दिसला की डब्यावर आपटून त्याचं नाव घेऊन ओरडायचं, 'डबा ऐसपैस'. आणि लपलेल्यांपैकी कुणी येऊन डबा उडवला की सगळं मुसळ केरात, राज्य पुन्हा त्याच्यावरच. आईने हे नियम मराठीत सांगितले, हातवारे करून. पोरांना कळले. खेळाचे नियम पोरांना कुठल्याही भाषेत कळतात, ऑफिसमध्ये एवढं जमलं तर आमच्या मीटिंगा निम्म्या होतील. लखनौच्या काकू बाल्कनीतून ओरडल्या, "अरे, ये तो हमारा आइस-पाइस है!" दोन्हींचं मूळ इंग्रजी 'आय स्पाय'मध्ये आहे म्हणतात. खरंखोटं भाषातज्ज्ञ जाणोत.

धाकटा यात अर्थातच कच्चा लिंबू होता. म्हणजे खेळात आहे, पण त्याच्यावर राज्य येत नाही. त्यावरून बाकावर एकदम परिषदच भरली. बंगाली शेजारीण म्हणाली, आमच्यात अशा पोराला 'दूधभात' म्हणतात. चेन्नईच्या गृहस्थांनी त्यांचा शब्द सांगितला, 'ऒप्पुक्कु चप्पाणी', आणि तो आम्हा सगळ्यांकडून तीन वेळा म्हणवून घेतला. दहा महिने ही माणसं मला लिफ्टमध्ये भेटत होती. मला त्यांचे फ्लॅट नंबर माहीत होते, त्यांच्या गाड्या माहीत होत्या, दुधाची पिशवी चुकून कुणाच्या दाराला जाते हेही माहीत होतं. लहान भावंडाला खेळात घेऊन न घेतल्यासारखं करायला प्रत्येकाच्या घरी एक शब्द आहे, हे त्या दिवशी कळलं.

डबा तीन दिवस वाजला. चौथ्या दिवशी ग्रुपवर तक्रार आली : घरून काम करणाऱ्यांना आवाजाचा त्रास होतो. कमिटीने डब्यावर बंदी घातली. (खेळावर नाही, डब्यावर. मिनिट्समध्ये 'मेटॅलिक ऑब्जेक्ट' अशी नोंद आहे.) पोरांनी दुसऱ्या दिवशी प्लास्टिकची बाटली आणली आणि खेळ 'बॉटल ऐसपैस' झाला. बाटली डब्यासारखी वाजत नाही, त्यामुळे पोरं दुप्पट ओरडायला लागली. तक्रारदार आता काय करणार? काही नाही.

आणि धाकटा? तो ऐसपैस म्हणायला लागला. जेवताना पोळीवर हात आपटून ऐसपैस, आंघोळीत ऐसपैस, माझ्या कॉलमध्ये येऊन लॅपटॉपवर ऐसपैस.

आमच्याकडे भाजी घेऊन येणाऱ्या मावशी इथल्याच, जुन्या वाकडच्या. आईची त्यांच्याशी पहिल्या दिवसापासून गट्टी. त्यांच्याकडून तिला कळलं की बी विंगच्या जागी ज्वारी होती आणि कडेला विहीर. वाकड महापालिकेत आलं १९९७ मध्ये, म्हणजे मी शाळेत असताना हे गावच होतं. आम्ही ज्याला नवीन एरिया म्हणतो त्याच्या पोटात एक जुनं गाव आहे, आणि हनुमान जयंतीला त्याचं बगाड असतं, हे दहा महिन्यांत माझ्या कानावरून गेलं नव्हतं. आई मात्र बगाड म्हटल्याबरोबर ताठ बसली. वाईजवळचं बावधन म्हणजे बगाडाचं गाव. (पुण्यातलं बावधन नव्हे!) तिथे रंगपंचमीला भैरवनाथाचं बगाड निघतं, आईने ते लहानपणापासून पाहिलेलं. इथलं म्हातोबाचं, हिंजवडीहून निघून वाकडला येतं. म्हणजे माझा रोजचा ऑफिसचा परतीचा रस्ता. बगाडाला तो बराच आधीपासून ठाऊक आहे.

१२ एप्रिल, शनिवार. मला गर्दीचं मनातून नको होतं, पण आई, मावशी आणि दोन्ही पोरं निघालीच, मग मीही गेलो. धाकटा माझ्या खांद्यावर. धूळ, गुलाल, माणसांचा लोंढा, बैल, वर उंच गळकरी आणि चहूकडून 'म्हातोबाच्या नावानं चांगभलं'. एरवी ज्या रस्त्यावर मी कॅबमध्ये बसून मान खाली घालून मेल वाचतो, तिथे मी मान वर करून उभा होतो. आईने हात जोडले. मावशींनी तिची ओळख आपल्या जावेशी करून दिली, "ह्या वाईच्या, बावधनचं बगाड बघितलेल्या." एवढी ओळख पुरली. आईला बसायला जागा मिळाली, पाणी मिळालं, पोरांना शेव-रेवडी मिळाली. मला त्या गर्दीत कुणी विचारलं असतं, तुम्ही कोण, तर मी काय सांगितलं असतं? बी सातशे चार?

त्या रात्री धाकटा झोपेपर्यंत 'चांगभलं' म्हणत होता. 'भ' येत नाही, त्यामुळे 'चांगबलं'.

चारच दिवसांनी, १६ एप्रिलला, पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून शिकवण्याचा शासन निर्णय आला आणि सोसायटीचा ग्रुप पेटला. नोटिफिकेशनं बंद करावी लागली. एरवी मेन्टेनन्सवर एक शब्द न बोलणारे लोक रात्री एक वाजता भाषाधोरणावर परिच्छेद लिहीत होते, दोन्ही बाजूंनी. मलाही सक्ती पटत नव्हती, अजूनही पटत नाही. हिंदी यायला सक्ती लागत नाही, खाली गेलं की येते, माझ्या घरात पुरावा आहे. पण हे मी ग्रुपवर लिहिलं नाही, कारण त्या दिवसांत काहीही लिहिलं की लगेच कुणीतरी तुम्हाला कुठल्यातरी बाजूला उभं करत होतं. २९ जूनला सरकारने ते निर्णय मागे घेतले. ग्रुपवर दोन कुटुंबं तोपर्यंत एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. त्यांची मुलं मात्र त्या अडीच महिन्यांत एकाच जिन्याखाली लपत होती. जागा चांगली होती, सोडणार कोण?

आई मे महिन्यात वाईला परत गेली. धाकटा अजून खाली हिंदीच बोलतो. पण आईला फोन आला की तो तिला 'आप' म्हणत नाही. 'तू' म्हणतो, आणि तक्रारी करतो. ताईने बाटली लपवली, अमक्याने ढकललं, मला राज्य देत नाहीत. मराठी अर्धी, हिंदी अर्धी, आवाज पूर्ण. आईला सगळी पोरं नावानिशी माहीत असल्यामुळे ती निवाडे देते. बायको म्हणाली, "बघ, आता त्याच्याकडे तिला सांगण्यासारखं काहीतरी आहे." यावेळी मला पटलं, पण मी तसं बोललो नाही. ती कुठे माझ्या बोलण्याची वाट बघत होती?

चैत्रात आई पुन्हा येणार आहे, बगाडाला. येताना डबा आणते म्हणालीय, चांगला जाड पत्र्याचा. कमिटीला मी अजून काही सांगितलेलं नाही.